अँटिबायोटिक आणि दारू : बडोद्यातील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारूबंदी असलेल्या राज्यात हा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात माणूस गोळ्यांची पट्टी हातात घेतो, मागे कोणी ओळखीचे उभे नाही ना हे पाहतो आणि ‘यावर काही पथ्य आहे का?’ एवढेच विचारून निघून जातो. त्याला खरोखर जे विचारायचे असते ते येथे एकत्र केले आहे. गुजरातमध्ये परवान्याशिवाय मद्य पिणे हा गुन्हा आहे आणि पुढील उत्तरे त्यातून कोणालाही सूट देत नाहीत. परंतु प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळालेली व्यक्ती असो, सुट्टीत दमणला किंवा उदयपूरला गेलेली असो, की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेलेली असो, औषध आणि मद्य पोटात एकत्र आल्यावर शरीर परवाना पाहत नाही, म्हणून ही माहिती प्रत्येकाकडे असायला हवी.

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना दारू पिणे सुरक्षित आहे का?

सर्व गोळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. काही अँटिबायोटिकांबरोबर दारूचा एक घोटही घेऊ नये, बहुसंख्य अँटिबायोटिकांशी तिचा थेट धोकादायक संबंध आढळलेला नाही, आणि काहींच्या बाबतीत धोका एका रात्रीत दिसत नसला तरी यकृतात साठत जातो. त्यामुळे पहिले काम म्हणजे पट्टीवरील औषधाचे मूळ नाव वाचणे. कंपनीने दिलेले नाव पुरेसे नसते, कारण एकच औषध अनेक नावांनी विकले जाते आणि एकाच गोळीत दोन औषधेही असू शकतात. दुकानदाराने पट्टी कापून चार-सहा गोळ्या दिल्या असतील तर नाव बहुधा अर्धवट कापले जाते. अशा वेळी ते नाव कागदावर लिहून मागावे. त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी कोणत्यांशी थेट धोका नाही?

अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि क्लाव्हुलानिक अॅसिड यांची जोडगोळी, सेफॅलेक्सिन, सेफिक्झाइम, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही घसा, छाती, त्वचा, लघवीचा मार्ग किंवा दाढ यांच्या संसर्गासाठी सर्वाधिक लिहिली जाणारी औषधे होत. यांच्यासोबत थोडे मद्य घेतल्याने जीवघेणी प्रतिक्रिया होते असा पुरावा नाही. (अझिथ्रोमायसिनचे नाव तर बडोद्याला परके नाही, येथे १९०७ साली स्थापन झालेल्या आणि आरंभी टिंक्चर व अल्कोहोल बनवणाऱ्या अॅलेम्बिक या औषध कंपनीचेच ते पुढे एक मुख्य औषध झाले.)

थेट धोका नसणे म्हणजे मोकळीक नव्हे. या गोळ्यांनी मळमळ होते, पोट बिघडते, चक्कर येते, आणि मद्यानेही नेमके हेच होते. ताप असलेल्या शरीरातून पाणी आधीच कमी झालेले असते, त्यात मद्यामुळे लघवी वाढून ते आणखी कमी होते आणि झोपही तुटक लागते. अमॉक्सिसिलिन-क्लाव्हुलानिक अॅसिडने क्वचित यकृताला सूज येते. ज्याचे यकृत मद्याने आधीच थकलेले आहे त्याने ही शक्यता डोळ्याआड करू नये.

कोणत्या अँटिबायोटिकांसोबत दारू पूर्णपणे वर्ज्य आहे?

यात पहिले नाव मेट्रोनिडाझोलचे आणि त्याच्या कुळातील टिनिडाझोल, सेकनिडाझोल व ऑर्निडाझोल यांचे. ही औषधे आव, आतड्यातील काही सूक्ष्म परजीवी, हिरड्यांचा व दाढेचा संसर्ग आणि स्त्रियांच्या योनिमार्गाचा संसर्ग यांसाठी दिली जातात. आपल्याकडे ती ओळखू न येण्याचे मोठे कारण म्हणजे जोडगोळ्या. बाहेरचे खाऊन जुलाब झाले की ‘जुलाबाची गोळी’ म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा ऑफ्लॉक्सासिनसोबत ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिनसोबत टिनिडाझोल असते. घेणाऱ्याला वाटते की आपण पोटाची साधी गोळी घेतली. आपण अँटिबायोटिक घेत आहोत हेच त्याच्या गावी नसते, मग दारूचे पथ्य कोठून आठवणार? मेट्रोनिडाझोल लहान मुलांना द्यायच्या पातळ औषधातही असते आणि योनीत ठेवण्याच्या गोळीतही असते.

दुसरे नाव रुग्णालयात शिरेतून दिल्या जाणाऱ्या सेफोपेराझोनचे. हे औषध घरी घेतले जात नाही, पण इस्पितळातून सुटी मिळाल्याच्या आनंदात पहिल्याच संध्याकाळी पेला उचलणाऱ्याला त्याचा त्रास होऊ शकतो. को-ट्रायमॉक्साझोल घेतलेल्या काही रुग्णांमध्येही अशी प्रतिक्रिया नोंदली गेली आहे. लिनेझोलिडचे कारण निराळे आहे : त्याच्यासोबत पिंपातून थेट दिली जाणारी बिअर, रेड वाइन, फार मुरवलेले चीज किंवा सोया सॉस असे टायरामिन भरपूर असलेले पदार्थ घेतले तर रक्तदाब एकाएकी वाढू शकतो.

मेट्रोनिडाझोल आणि दारू एकत्र आल्यावर शरीरात नेमके काय होते?

मद्यातील अल्कोहोलचे यकृतात प्रथम अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात आणि नंतर लगेच निरुपद्रवी अॅसिटेटमध्ये रूपांतर होते. दुसरी पायरी अडली तर अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठू लागते, चेहरा व मान लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, घाम फुटतो, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. डायसल्फिराम हे औषध हेच मुद्दाम घडवून आणते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला आणि तेव्हापासून दारू सोडवण्याच्या उपचारांत ते वापरले जाते. मेट्रोनिडाझोलने होणारा त्रास त्याच्यासारखा दिसतो.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फिनलंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी पुरुषांना मेट्रोनिडाझोल आणि अल्कोहोल दिल्यावर अॅसिटाल्डिहाइड वाढलेले आढळले नाही, त्यामुळे ही प्रतिक्रिया वाटते तितकी सार्वत्रिक नसावी, असे काही तज्ज्ञ मानतात. ऑर्निडाझोलबाबतचा पुरावा तर याहूनही तोकडा आहे. मात्र गंभीर त्रास झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, कोणाला त्रास होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि पाच-सात दिवस न पिण्याने कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणून ‘माझ्या मित्राला काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबू नये.

कोर्स शुक्रवारी संपतो आणि शनिवारी आम्ही दमणला जाणार आहोत. चालेल का?

गोळी मेट्रोनिडाझोलच्या कुळातील असेल तर चालणार नाही. शेवटची गोळी गिळल्यानंतरही औषध काही काळ शरीरात राहते. मेट्रोनिडाझोलनंतर ब्रिटनमध्ये ४८ तास आणि अमेरिकेतील औषधपत्रकात ३ दिवस थांबण्यास सांगितले जाते. टिनिडाझोलनंतर ७२ तास थांबण्यास सांगतात. सेफोपेराझोननंतरही ३ दिवस धरावेत. घरात सर्वांच्या लक्षात राहील असा नियम हवा असेल तर शेवटच्या गोळीनंतर पूर्ण ३ दिवस, असा ठेवावा. यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून अधिक थांबावे.

एखादी बिअर म्हणजे काही दारू नव्हे, ती चालते ना?

हिशोब करून पाहू. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते सुमारे २६ ग्रॅम असते, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या तेवढ्याच बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेगांएवढे. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. साधारण प्रौढ शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम एवढेच निकालात काढू शकते, म्हणजे रात्री संपवलेल्या क्वार्टरचा अंश सकाळच्या गोळीच्या वेळीही रक्तात असू शकतो. ज्यांच्यासोबत दारू वर्ज्य आहे त्या औषधांच्या बाबतीत बिअर, वाइन आणि व्हिस्की यांत कोणताही भेद करता येत नाही.

दारूमुळे अँटिबायोटिकचा असर निघून जातो, हे खरे आहे का?

बहुतेक औषधांबाबत नाही. डॉक्सिसायक्लिनचा अपवाद लक्षात ठेवावा : जो दीर्घकाळ रोज पितो त्याचे यकृत हे औषध नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकते आणि रक्तातील त्याची पातळी दोन मात्रांच्या मधल्या वेळेत कमी पडू शकते. अशा रुग्णाला डॉक्टर वेगळी मात्रा किंवा वेगळे औषध देतात, पण त्यासाठी त्यांना तो रोज पितो हे ठाऊक असावे लागते.

मग पार्टीच्या दिवशी गोळी न घेता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली तर?

मला वाटते, या संपूर्ण विषयातील सर्वात हानिकारक सवय हीच आहे. ‘दारू आणि गोळी एकत्र नको’ एवढाच अर्धा सल्ला कानावर पडलेला असतो, आणि माणूस त्यातून दारू ठेवतो आणि गोळी गाळतो. संसर्ग अर्धवट राहिला तर आजार उलटतो, औषधाची रक्तातील पातळी खाली गेली की चिवट जंतूंना वाढायला वाव मिळतो, आणि पुढच्या वेळी तीच गोळी कामी येईल याची खात्री उरत नाही. भारतात अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांना २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे आणि त्यांची विक्री दुकानदाराला स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते. अशा औषधांच्या पट्टीवर छापलेली उभी लाल रेषाही हेच सांगते की ही औषधे मनाने सुरू करण्याची किंवा थांबवण्याची नाहीत.

शिवाय मेट्रोनिडाझोलची एक गोळी गाळल्याने बचावही होत नाही, कारण आदल्या दिवशीचे औषध शरीरात असतेच. कार्यक्रम टाळता येत नसेल तर तेथे जावे, पेला टाळावा आणि गोळी वेळेवर घ्यावी. लग्नघरात कोणी आग्रह केला तर ‘औषध चालू आहे’ एवढे उत्तर पुरेसे आहे. आपल्या घरांत औषधाच्या कारणाचा मान अजून राखला जातो.

चिठ्ठीत अँटिबायोटिकसोबत इतरही गोळ्या आहेत. त्यांचे काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. सर्दी-तापाच्या किंवा दाढदुखीच्या साध्या चिठ्ठीतसुद्धा तापासाठी पॅरासिटॅमॉल, दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, नाक वाहण्यासाठी सेटिरिझिन आणि खोकल्याचे पातळ औषध असते. अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिनसारखे सौम्य असले तरी या सोबत्यांचे मद्याशी जमत नाही. पॅरासिटॅमॉल आणि मद्य या दोहोंचा भार यकृतावर पडतो, आणि प्रौढांसाठीची दिवसाला ४ ग्रॅमची कमाल मर्यादा रोज पिणाऱ्याला किंवा उपाशीपोटी पिणाऱ्याला सुरक्षित समजता येत नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी जठराच्या अस्तराला इजा होते, त्यात मद्याची भर पडली तर रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर ती त्याची खूण आहे. सेटिरिझिन आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे गुंगी आणतात, मद्य ती गुंगी वाढवते, आणि त्या अवस्थेत दुचाकी चालवणे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी आणखी एक सूचना : ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि उपाशीपोटी घेतलेले मद्यही साखर खाली आणते. त्यातून येणारी ग्लानी नशा समजली जाते आणि रुग्णाला झोपवून ठेवले जाते, हे फार धोक्याचे आहे. अशा वेळी साखर ताबडतोब तपासावी.

क्षयाची औषधे सहा महिने चालतात. इतके दिवस दारू पूर्ण बंद ठेवावी लागते का?

होय. क्षयाच्या नेहमीच्या उपचारांत पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील ४ महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन दिली जातात. यांपैकी पहिल्या तिन्हींचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. मद्य चालू राहिले तर कावीळ होण्याची शक्यता वाढते, कावीळ झाली की औषधे थांबवावी लागतात, आणि औषधे थांबली की क्षय पुन्हा डोके वर काढतो. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येण्याचा त्रासही पिणाऱ्यांमध्ये अधिक होतो, म्हणून त्यांना पायरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व देतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी सायक्लोसेरिन दिले असेल तर मद्याने झटके येऊ शकतात.

क्षयाच्या रुग्णाला दारू सोडणे जमत नसेल तर घरच्यांनी त्याला धाक घालून गोळ्या बंद पडू देऊ नयेत. जेथून औषध मिळते त्या केंद्रात ही गोष्ट उघडपणे सांगावी. यकृताच्या तपासण्या वेळोवेळी करून उपचार चालू ठेवता येतात आणि व्यसनासाठीही वेगळी मदत मिळते.

येथे दारूबंदी आहे. डॉक्टरांना खरे सांगितले तर अडचण होणार नाही ना?

बडोद्यातल्या अनेक रुग्णांच्या मौनामागे हीच भीती असते, आणि कुटुंबाचे डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे असले तर लाजेची भर पडते. डॉक्टर हा प्रश्न औषध निवडण्यासाठी विचारतात. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार त्यांचे कर्तव्य आहे आणि न्यायालयाचा आदेश, इतरांच्या जिवाला असलेला गंभीर धोका, कळवणे बंधनकारक असलेला रोग असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. विषबाधेची किंवा अपघाताची नोंद रुग्णालयाला पोलिसांकडे करावी लागते, हेही खरे. पण घशाच्या संसर्गासाठी दवाखान्यात गेलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

सांगताना ‘कधीकधी घेतो’ असे मोघम सांगू नये. आठवड्यातून किती वेळा, साधारण किती आणि शेवटची कधी, या तीन गोष्टी सांगाव्यात. वडीलधाऱ्यांसमोर बोलता येत नसेल तर त्यांना क्षणभर बाहेर थांबायला सांगा, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. बायकांना हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, आणि मेट्रोनिडाझोल मात्र त्यांना वारंवार लिहून दिले जाते; म्हणून त्यांनी कोणी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे.

रोज पिणाऱ्याने कोर्ससाठी दारू एकदम बंद करावी का?

स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता उद्भवू शकते, ज्यात जीवही जाऊ शकतो. संसर्गासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल केलेल्या रुग्णाची माहिती घरच्यांनी लपवली की नेमके हेच होते. डॉक्टरांना आधी कळले तर ते योग्य औषधांच्या आधाराने दारू थांबवतात आणि तिच्याशी न भिडणारे अँटिबायोटिक निवडतात.

खोकल्याचे औषध, आसव-अरिष्टे आणि माउथवॉश यांतही अल्कोहोल असते का?

काहींत असते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या औषधांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले अल्कोहोल असते, आणि बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची पद्धत आपल्या घरांत आजही आहे. तिलाच टाक्यांसाठी मेट्रोनिडाझोल दिलेले असू शकते. होमिओपॅथीचे मूळ अर्क, काही माउथवॉश आणि खोकल्याची काही औषधे यांच्या वेष्टनावरही घटक पाहून घ्यावेत. ज्याच्यासोबत दारू वर्ज्य आहे असे औषध चालू असेपर्यंत आणि नंतरचे ३ दिवस ही सर्व बाजूला ठेवावीत. हातांना लावायच्या सॅनिटायझरने काही होत नाही.

चुकून गोळीवर दारू घेतली गेली. आता काय करावे?

गोळी अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिनसारखी असेल आणि काही त्रास होत नसेल तर पिणे तेथेच थांबवावे, पाणी प्यावे, पुढची गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी. मेट्रोनिडाझोलच्या कुळातील गोळी असेल तर त्रास बहुधा थोड्याच वेळात सुरू होतो. चेहरा लाल होणे आणि मळमळ एवढ्यावर थांबले तर रुग्णाला एकटे न सोडता डॉक्टरांना फोन करून विचारावे. छातीत दुखणे, श्वास अपुरा पडणे, उभे राहताच भोवळ, न थांबणाऱ्या उलट्या किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवावे, तोंडात पाणी किंवा लिंबू-ताक घालू नये आणि ओकारी काढायला लावू नये.

दारू कोठून आली हे ठाऊक नसेल तर एक वेगळाच धोका ध्यानात घ्यावा लागतो. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉलमिश्रित द्रव प्यायल्याने ४० हून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलची लक्षणे अनेकदा १२ ते २४ तासांनी उमटतात : पोटात कळा, जोराचा श्वास, आणि डोळ्यांसमोर धुके किंवा पांढरा पडदा आल्यासारखे दिसणे. ‘गोळी आणि दारू भिडली असेल, उतरेल’ असे समजून अशा माणसाला घरी ठेवले तर दृष्टी कायमची जाऊ शकते आणि प्राणही जाऊ शकतो. वेळेत नेले तर उतारा आणि डायलिसिस उपलब्ध असतात. रात्र किती झाली आहे किंवा शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता त्याला सयाजीराव रुग्णालयासारख्या, तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि जाताना गोळ्यांच्या सर्व पट्ट्या व उरलेली बाटली सोबत घ्यावी.